गिट्टी क्रशरच्या धुळीची मर्यादा कोण ठरवणार?

मा. संपादक,
स. न.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी यांवर भरपूर छापून आले. एका तरतुदीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. कारखान्याच्या हवेत घातक द्रव्य जास्तीत जास्त किती चालेल, याचे आकडे भोपाळनंतर १९८७ मध्ये थेट कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात घातले गेले होते. आता ते ठरवण्याचे काम राज्य सरकारकडे आले आहे. आमच्या गोंदिया भागातल्या गिट्टी क्रशरवरच्या मजुरांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

वऱ्हाडातला दगड काळा, बेसाल्टचा. त्यात क्वार्ट्‌झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, अगदी थोडा. पूर्वेला आमच्याकडे ग्रॅनाइट आणि त्याच्यासारखाच पट्टेदार नाइस. भूशास्त्रात 'आमगाव नाइस' म्हणतात तो आमच्याच तालुक्याच्या नावाचा. ग्रॅनाइटमध्ये पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त क्वार्ट्‌झ असतो. तो फोडताना उडणारी बारीक स्फटिकी सिलिका फुप्फुसात खोल जाऊन बसते. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा बरा न होणारा आजार तर होतोच; शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

जुन्या परिशिष्टात सिलिकासाठी सरळ आकडा नव्हता, सूत्र होते : १० भागिले (क्वार्ट्‌झची टक्केवारी अधिक २), उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. धुळीत ३० टक्के क्वार्ट्‌झ असेल तर ०.३१ मिलिग्रॅम बारीक धूळ चालते, म्हणजे निव्वळ सिलिका सुमारे ०.०९. क्वार्ट्‌झ २ टक्केच असेल तर हाच हिशेब ०.०५ वर येतो. दगड जितका वाईट, तितकी सिलिकाला जास्त सूट! अमेरिकेतही असेच सूत्र होते. २०१६ मध्ये ते मोडीत काढून तिथे सरसकट ०.०५ केले. त्याखालीही धोका उरतोच, हे तिथल्या यंत्रणेनेच मान्य केले आहे. कर्करोगाच्या बाबतीत 'इथपर्यंत सुरक्षित' अशी रेघ मारता येत नाही, म्हणून पाणी आणि झाकणे वापरून जेवढे खाली आणता येईल तेवढे त्यांनी आणले. आपण निदान तिथून सुरुवात करावी.

मालक लोक प्रदूषण मंडळाचा दाखला पुढे करतात. त्यातली अट क्रशरपासून ४० मीटरवर धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, अशी आहे. ४० मीटरवर रस्ता असतो, शेजाऱ्याचे धानाचे बांध असतात. मजूर क्रशरच्या जबड्याशी उभा असतो, तोंडाला दुपट्टा बांधून. हवा त्याच्या अंगावर छोटा पंप लावून, कॉलरपाशीच मोजली पाहिजे. शिवाय मजुरासाठीच्या सिलिकाच्या मर्यादा ८ तासांच्या पाळीच्या सरासरीवर असतात. हंगामात इथे दहा-बारा तास काम चालते, तेव्हा मर्यादाही त्या मानाने खाली यायला हवी.

खरी गोम आहे ती वेगळीच. नव्या संहितेप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान २० कामगार असले तरच 'कारखाना'. आमच्याकडच्या क्रशरवर एका वेळी दहा-बारा माणसे दिसतात, बाकीची मुकादमाच्या वहीत. केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामाला संहितेत संख्येची अट नाही. राज्याने दगडफोडीसाठी ही अधिसूचना मागून घ्यावी. नाहीतर मर्यादा कितीही कडक केली तरी ती लागू कुठे होणार?

आरोग्य खात्यात असताना पाहिले आहे : धान निघाले की माणसे क्रशरवर जातात, काही वर्षांनी खोकत येतात, आणि कागदावर टीबी लिहिला जातो. सिलिका भरलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, त्यामुळे निदान चूक असतेच असे नाही. पण 'काम काय करता' हा प्रश्न कोणी विचारत नाही. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणले.

आपल्या प्रतिनिधीने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला एवढे विचारून छापावे, ही विनंती : गेल्या पाच वर्षांत गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतल्या किती क्रशरवर मजुराच्या अंगावर पंप लावून सिलिका मोजली गेली?

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक
ता. आमगाव, जि. गोंदिया