बाबा, आजीची फाईल मी वाचली

आई, बाबा,

फोनवर हे बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. दिवाळीत जेवताना बाबा म्हणाले की माझ्या आईला ज्यांनी घालवलं त्यांच्याच बाजूने माझी मुलगी उभी राहते, आणि आई तू लगेच मला पोळी वाढलीस आणि विषय बदललास. मी गप्प बसले, पण पुण्यात येईपर्यंत तेच डोक्यात होतं. सतरा वर्षं मी कोर्टात डॉक्टरांच्या बाजूने वकिली करतेय आणि मी नक्की काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावातल्या गायनॅक मॅडम आल्या होत्या, बाळंतपणानंतरचं ब्लीडिंग थांबलं नाही आणि पेशंट गेली. ग्राहक आयोगाची नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर वरचे पंधरा, त्यानंतर एक दिवसही मिळत नाही, आणि बाईंनी त्यातले अडतीस दिवस भीतीपोटी पाकीटच फोडलं नव्हतं. बाबा, राजस्थानात दौसाला मार्च २०२२ मध्ये अशाच ब्लीडिंगच्या केसमध्ये एका डॉक्टर बाईंवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला आणि त्यांनी जीव दिला. २००५ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जायचं नाही, ऊठसूट अटक करायची नाही, तरी हे झालं. अशा माणसाच्या शेजारी कोणीतरी उभं राहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण पेशंटने कोर्टात जाऊच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं ते योग्यच झालं. (आम्हा वकिलांना मात्र २०२४ मध्ये त्याच कायद्यातून बाहेर ठेवलंय, ते मला पटलेलं नाही.) आणि ही केस तर आपल्याकडचीच, १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, पुण्याला आणलं, तिथे नीट भूल न देता जोर लावून हाड ओढलं आणि तो मुलगा गेला. आईवडील सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, १९६८ मध्ये जिंकले, नुकसानभरपाई किती तर ३००० रुपये. पण पेशंट घ्यायचा का, ट्रीटमेंट कोणती द्यायची आणि ती कशी द्यायची, या तिन्हीत डॉक्टरने काळजी घेतलीच पाहिजे हे त्या निकालात आलं आणि आजही मी डॉक्टरांना आधी तेच वाचायला देते. पेशंट दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही, पण जिथे झालाय तिथे मी खोटं लढत नाही. एका सर्जनच्या केस पेपरात तीन दिवसांच्या नोट्स एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसत होत्या. मी त्यांना म्हटलं, हे मी दाखल करणार नाही, तुम्ही तडजोड करा.

आता आजीचं. बाबा, तुमच्या कपाटातली ती पिवळी फाईल मी न विचारता आणली, माफ करा. चार रात्री वाचली, एका ऑर्थोपेडिक सरांनाही दाखवली. खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज इंजेक्शन दिल्याच्या सिस्टरच्या सह्या आहेत, ते देऊनही कधीकधी गुठळी फुफ्फुसात जाते आणि आजीचं तेच झालं असणार. २:४० ला श्वास लागला, ऑक्सिजन लावला, पस्तीस मिनिटं छाती दाबली. त्यांनी आजीला मारलं नाही बाबा. मी त्यांची वकील असते तर केस जिंकले असते आणि हे तुम्हाला लिहिताना मला फार जड जातंय.

पण त्याच पानावर खाली ‘नातेवाईकांना कल्पना दिली’ असं लिहिलंय, वेळ नाही, सही नाही. कल्पना कोणी दिली? तुम्ही जिन्यात थर्मास घेऊन बसला होतात आणि सहा वाजता वॉर्डबॉयने बिलाचं विचारलं तेव्हा तुम्हाला कळलं. तीन तासांहून जास्त वेळ तुमच्याशी कोणी बोललं नाही. तो राग खरा आहे, तो माझाही आहे. म्हणून कोणताही डॉक्टर माझ्यासमोर बसला की माझा पहिला प्रश्न असतो, त्या रात्री नातेवाईकांजवळ किती वेळ बसलात? गायनॅक मॅडम म्हणाल्या, पहाटेपर्यंत, त्या मुलीच्या आईचा हात धरून. त्यांची केस मी घेतली.

शनिवारी दुपारच्या एसटीने वाईला येतेय, फाईल परत आणते. बाबा, तुम्हाला चालणार असेल तर दोघं मिळून एकेक पान बघू, तुम्हाला विचारायचं असेल ते सगळं विचारा. आई तू पण बस आमच्याबरोबर, उठून स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

तुमची,
मनू