पाटल्या घरी आल्या

चिंचवड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

आई, मे महिन्यात रोहिणीच्या लग्नात तू मला विचारलं होतंस, "पाटल्या का गं नाही घातल्यास?" मी म्हणाले, लॉकरमध्ये आहेत, काढायला वेळच झाला नाही. लॉकरमध्ये होत्या हे खरं, पण लॉकर बँकेचा होता आणि किल्ली आपल्याकडे नव्हती. पाटल्या गहाण होत्या. परवा शुक्रवारी सोडवून आणल्या. आत्ता हे लिहिताना माझ्या हातात आहेत आणि वहीच्या कडेवर टकटक आपटतायत.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू रडतेस आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन तुझ्याकडे देतात. शिवाय 'गहाण' हा शब्द आपल्या घरात शिवीसारखा. म्हणून सगळं एकदाच कागदावर लिहिते. बाबा, तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचाल हे माहीत आहे, त्यामुळे आकडे नीट लिहिले आहेत.

सुरुवात कोरोनात झाली. प्रसादचा पगार आठ महिने कापून येत होता, तेव्हा किराणा, चिनूची फी, सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. पुढे पगार पूर्ववत झाला, कार्डाची सवय मात्र तशीच राहिली. त्यात फ्रिज आला, प्रसादचा फोन आला. बिलावर दोन आकडे असतात, एक पूर्ण रक्कम आणि एक 'किमान देय'. आम्ही किमान देय भरायचो आणि हप्ता वेळेवर गेला म्हणून निवांत झोपायचो. जानेवारी २०२४ मध्ये कार्डावर १,३८,००० रुपये झाले होते. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बाबा, वर्षाला नव्हे, महिन्याला. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला साधारण ५,७०० रुपये नुसते व्याजात. आम्ही भरत होतो ६,९००. मुद्दल कमी व्हायची जेमतेम बाराशेने, आणि त्याच महिन्यात आम्ही नवे तीन-चार हजार घासायचो. वर थकबाकी असताना काही घेतलं की त्याला एरवीची बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. नुसतं किमान देय भरलं तर कर्ज फिटायला वर्षं लागतील, असं बिलावर छापलेलंही असतं. रिझर्व्ह बँकेनेच ते छापायला लावलंय. आम्ही ते कधी वाचलंच नव्हतं.

हा हिशेब मी एका रात्री चिनूच्या रफ वहीत मांडला आणि सकाळी उठून प्रसादला पाटल्यांबद्दल विचारलं. तो नको म्हणाला. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. पण हिशेब सरळ होता. सोन्यावर वर्षाला दहा टक्क्यांनी १,४०,००० मिळत होते, म्हणजे महिन्याचं व्याज साधारण ११७०. कार्डाच्या ५,७०० समोर हे ११७०. फेब्रुवारीत पाटल्या ठेवल्या, त्याच दुपारी कार्ड पूर्ण भरलं आणि घरी येऊन आईच्या जुन्या कात्रीने त्याचे चार तुकडे केले. (नुसतं कापून ते बंद होत नाही, ते नंतर कळलं. बँकेला वेगळं कळवावं लागतं.)

आई, चहा सोडला, भाजीत घासाघीस केली आणि कर्ज फिटलं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. निम्मं काम त्या व्याजाच्या अदलाबदलीने केलं. पण नुसतं तेवढं करून थांबलो असतो तर वर्षाच्या आत कार्ड पुन्हा भरलं असतं आणि पाटल्याही गेल्या असत्या. माझ्या ऑफिसातल्या एकीचं अगदी हेच झालं. कारण आमच्या घरात दर महिन्याला तीन-चार हजार कमी पडत होते. ते भोक बुजवायला तुमच्याच सवयी लागल्या, ज्यांना मी इतकी वर्षं हसत आले.

आधी जानेवारीचं बँकेचं स्टेटमेंट घेऊन लाल पेनने खुणा केल्या. बाहेरून मागवलेलं जेवण १४ वेळा, ५,८७० रुपये. आम्हाला वाटत होतं, आपण महिन्यातून चार-पाच वेळाच मागवतो. दहा मिनिटांत सामान आणून देणारं ॲप, बावीस वेळा. ते कसं होतं सांगते. कोथिंबीर हवी असते पंधरा रुपयांची. डिलिव्हरी फुकट व्हायला १९९ लागतात, म्हणून वेफर्सचं पाकीट, कसलं तरी चवीचं दही, चॉकलेट. कोथिंबीर पडली दोनशेला, आणि तीही तीन दिवसांनी फ्रिजमध्ये काळी. फोनवरच्या 'ऑटोपे'मध्ये डोकावले तर तीन ठिकाणी दर महिन्याला पैसे कापले जात होते, त्यातलं एक व्यायामाचं, जे मी दोन वर्षांत उघडलंही नव्हतं.

मग तुझा डबा आला. तुझ्या डाळीच्या डब्यात नोटा असायच्या, माझ्याकडे हळदीकुंकवाला मिळालेला स्टीलचा डबा आहे. दर रविवारी त्यात २,५०० रुपये रोख ठेवते. भाजी, दूध, फळं, रिक्षा, चिनूचा खाऊ, सगळं त्यातून. फोनने पैसे देताना काहीच जात नाही असं वाटतं. डब्यात गुरुवारी शेवटची पाचशेची नोट दिसली की शुक्रवारी आपोआप पिठलं होतं. रविवारी संध्याकाळी पिंपरीच्या मंडईत जाते, उठता बाजार असतो तेव्हा. तू शिकवल्यासारखं आधी पूर्ण मंडईला एक चक्कर मारायची, दर ऐकायचे आणि मग पिशवी उघडायची. पहिले दोन महिने मला याची लाज वाटायची. सोसायटीतल्या कुणी पाहिलं तर? एकदा पाहिलंच. ती बाई माझ्या पुढच्याच गाळ्यावर मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत होती.

दुधाचे खाडे आता मीही कालनिर्णयवर मांडते. पूर्वी सुट्टीत गावाला आलो तरी महिन्याचे पूर्ण पैसे देत होतो, कोण हिशेब करणार म्हणून. सिलिंडर लावल्याची तारीखही तिथेच लिहिते. बत्तीस दिवस जायचा, आता एकेचाळीस जातो. डाळ-तांदूळ आधी भिजत घालायचे, शिट्टी झाली की गॅस बारीक, भाजीवर झाकण. एवढंच, जे तू मला बारावीत असताना ओरडून सांगायचीस. साय साठवून तूप कढवते. शिळ्या चपात्यांचा कुस्करा चिनूला इतका आवडतो की तो मुद्दाम रात्री दोन चपात्या कमी खातो.

सगळंच जमलं असं नाही. चिनूचे केस मी एकदा घरी कापले. शंभर रुपये वाचले आणि पोरगं दोन दिवस टोपी काढेना. किलोमागे आठ रुपये स्वस्त साखर मिळते म्हणून स्कूटरवर निगडीला गेले, येताना पेट्रोल आणि वर उसाचा रस. हे प्रकार सोडून दिले. सोसायटीतल्या भिशीतूनही मी बाहेर पडले. तुला पटणार नाही, तुझा सगळा संसार भिशीवर उभा राहिला. पण डोक्यावर व्याजाचं कर्ज असताना बिनव्याजी भिशीत पैसे ठेवणं म्हणजे एका खिशाला भोक ठेवून दुसरा खिसा शिवणं. कर्ज संपलं की पुन्हा लावीन.

बाबा, आता तुमच्याबद्दल. मी सहावी-सातवीत असेन. तुमचा डबा द्यायला कराडच्या एसटी डेपोत आले होते. तुम्ही कंडक्टरीची पाळी संपवून खिडकीजवळच्या बाकावर बसून वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब, पूर्ण करत होता. तिकिटांचा ट्रे बाजूला, समोर नाण्यांच्या चवडी, रुपयाची वेगळी, आठ आण्याची वेगळी. नोटा सरळ करून, चेहरा एका बाजूला. पैसे पस्तीस रुपयांनी कमी भरले. तुम्ही पुन्हा मोजले. मग शर्टाच्या वरच्या खिशातून स्वतःचे पस्तीस काढून त्यात घातलेत आणि खिडकीवर भरून आलात. मी म्हटलं, उद्या भरले असते तर? तुम्ही म्हणालात, "आजचं आजच भरायचं. रात्रभर खिशात राहिले की ते आपलेच वाटायला लागतात."

मला कर्जात नेमकी तीच अडचण येत होती. दिवसभर वाचवायचे आणि संध्याकाळी ते वाचलेले पैसेच दुसरीकडे खर्च व्हायचे. डबा नेला म्हणून कँटीनचे ८० वाचले, की घरी येताना ११० ची भेळ-पाणीपुरी. म्हणून मी रोज रात्री साडेनऊला वेबिल करते. म्हणजे खरंच त्याला वेबिलच म्हणतो आम्ही. आज काय टाळलं? रिक्षाऐवजी बस, ४०. प्रसाद बाइकऐवजी मेट्रोने गेला, ५०. बाहेरचं जेवण रद्द करून खिचडी, ४२०. बेरीज झाली की तेवढे पैसे तिथल्या तिथे फोनवरून सोन्याच्या कर्जखात्यात. त्या खात्यात कितीही छोटी रक्कम भरता येते आणि व्याज रोजच्या शिल्लक मुद्दलीवर लागतं, म्हणून महिनाअखेरीपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. रक्कम कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायची. चिनूला आकडा लिहायचा मान. काही चौकोनांत फक्त १५ आहे. गणपतीचे दहा दिवस कोरे आहेत. पण पूर्वी कार्डाला जायचे ते सात हजार आणि वर ही चिल्लर, असं मिळून एकवीस महिने चाललं. मध्ये वर्ष भरलं तेव्हा व्याज चुकतं करून कर्ज एकदा नवं करून घ्यावं लागलं, त्या दिवशी मात्र पोटात गोळा आला होता.

एक गोष्ट आधीच केली होती म्हणून वाचलो. जादा पैसे भरायला लागण्यापूर्वी दहा हजार वेगळ्या खात्यात ठेवले होते. गेल्या पावसाळ्यात चिनू जिन्यावरून पडला, दात तुटला, साडेसहा हजार झाले. तुम्हाला सांगितलं होतं, पैसे कुठून आणले ते सांगितलं नव्हतं. ते त्या खात्यातून गेले. नाहीतर नवं कार्ड निघालं असतं. रोज फोन येतातच, "मॅडम, आजीवन मोफत."

शुक्रवारी बँकेत गेलो. सीलबंद पाकीट आलं, माझ्यासमोर फोडलं, वजन केलं. चार तोळे, कागदावर होतं तेवढंच. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, सोन्याचा दर केवढा वाढलाय. याच पाटल्यांवर आता दुप्पट मिळतील. ठेवूनच द्या की." प्रसादने माझ्याकडे पाहिलं. मी पाटल्या तिथेच हातात घातल्या, डाव्या हातातली साबण नसल्यामुळे अंगठ्यापाशी अडकली, खरचटलं, पण घातली. मागे रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "शाब्बास." त्यांच्या हातात छोटी कापडी पिशवी होती. ते ठेवायला आले होते की सोडवायला, कळलं नाही.

आई, पाटलीच्या आतल्या बाजूला जिथे तुझं मनगट घासून कड गुळगुळीत झालीय, तिथे बोट फिरवत रिक्षात बसले होते. बाबांनी वेतन कराराच्या फरकातून केल्या होत्या ना या? तू लग्नात मला देताना म्हणाली होतीस, अडीनडीला आहेत. त्या अडीनडीलाच कामी आल्या, एवढंच मला तुला सांगायचं होतं. माझी चूक झाली ती तुला खोटं बोलण्याची.

अजून प्रसादचं पर्सनल लोन आहे, ६,८४० चे अकरा हप्ते. ते आधी फेडावं का म्हणून मांडून पाहिलं. व्याजाचा मोठा वाटा सुरुवातीच्या हप्त्यांतच गेलाय, आता उरलंय ते बहुतेक मुद्दल, आणि आधी फेडलं तर वर शुल्क. त्यात राम नाही. ते हप्त्याने जाऊ दे. सुटलेले सात हजार आता त्या वेगळ्या खात्यात.

बाबा, हे वाचून तुम्ही एफडी मोडायचा विचार कराल. मोडू नका. तुम्हाला करायचंच असेल तर दोन गोष्टी करा. तुमची बीपीची गोळी जनऔषधी केंद्रात मिळते का, ते डॉक्टरांना विचारून बघा. सासूबाईंची आम्ही तशीच बदलली. दहा गोळ्यांना सत्तरच्या आसपास जायचे, तिथे बारा-पंधरात येतात. आणि डिसेंबरात याल तेव्हा एसटीनेच या, आईचं निम्मं तिकीट आहे. वडापची जीप नको.

आणि हो, ज्वारी. दरवर्षी तुम्ही पोतं बांधून ठेवता आणि मी म्हणते, इथे सगळं मिळतं. यंदा पंचवीस किलो आणा. ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून. शेंगदाणे असले तर तेही. मी स्वारगेटला घ्यायला येते, तुम्ही उचलू नका.

चिनू विचारतोय, आजचं वेबिल झालं का. भाकरी केली, बाहेर गेलो नाही, तर आज किती लिहायचे, ते त्याला समजेना. मलाही समजेना.

तुमची,
मनीषा