तू कुठल्या पानावर आहेस

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपारी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस, ‘आई, नाशिकच्या आईंसाठी ई-रीडर घेऊ का? कुठला घेऊ?’ आणि मी ‘घे की’ म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. तीन वर्षं मी ते पुस्तकं वाचायचं यंत्र रोज हातात धरते आहे. त्यात मला जे कळलं ते विहीणबाईंच्या कामी यावं, म्हणून जेवण उरकून लिहायला बसले. बाबा झोपलेत, घर शांत आहे.

तू मला ते दिलंस तेव्हा माझं वाचन जवळजवळ थांबलं होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, तो तुला ठाऊक आहे. जाड कादंबरी दहा मिनिटं उघडी धरली की अंगठा ठणकायला लागायचा. ग्रंथ संग्रहालयात गेले की पुस्तक कुणाचं आहे हे बघायच्या आधी किती जाड आहे हे बघायचे. तेही आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि मुदत भरली की न वाचता परत करायचे. १८९३ साली सुरू झालेली ही आपल्या गावची संस्था, माझ्या वडिलांपासून आपल्या घरात तिचं सभासदत्व आहे, आणि मी तिथून फक्त पुस्तकांची ने-आण करत होते. वय झालं की असंच होत असेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

यंत्राचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. वाटीभर तांदूळ हातात घ्यावेत तेवढं. पुस्तक दोनशे पानांचं असो की हजार पानांचं, वजन तेवढंच. पहिल्या आठवड्यात मी सहाशे पानांची कादंबरी संपवली आणि संपल्यावर कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. विहीणबाईंचं मनगट दुखतं म्हणालीस ना, मग या एका कारणासाठीही घ्यायला हरकत नाही.

पण त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेव. पान उलटलं की पडदा मधूनच क्षणभर काळा होतो आणि मग नवं पान येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या हातून बिघडलं. तसं नसतं. त्या पडद्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण असतात, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की कुठे पांढरे वर येतात, कुठे काळे, आणि त्यांचीच अक्षरं होतात. एकदा वर आलेले कण तिथेच थांबतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. आधीच्या पानाची पुसट सावली राहू नये म्हणून मधूनमधून सगळा पडदा एकदा काळा करून पुसला जातो. मला हे कळल्यावर भीती गेली. आणि चार्जिंग आठवडे-आठवडे का पुरतं, तेही समजलं: वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना आणि दिवा लावला तर.

दिवाही मोबाइलसारखा मागून डोळ्यांत येत नाही. तो कडेला असतो आणि उजेड पडद्यावर टाकतो. म्हणून दुपारी गॅलरीत, जिथे मोबाइल नुसता आरसा होतो, तिथे हे कागदासारखं स्वच्छ दिसतं. मोतीबिंदूच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली, त्या दिवशी मी गॅलरीतच बसले होते. अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं, आणि चष्म्याचा नवा नंबर मिळेपर्यंतचे दिवस तसे काढले. त्या दिवसांसाठी मी तुझी कायम ऋणी आहे.

मोठ्या अक्षराचं म्हणशील तर आकार बघून घे. माझं सहा इंची आहे. मला लागतं त्या अक्षरात पानावर जेमतेम दहा ओळी मावतात, सारखं पान उलटावं लागतं. त्यांना सात इंची घे. काही यंत्रांना कडेला पान उलटायची बटणं असतात, तसलं मिळालं तर पैसे थोडे जास्त गेले तरी तेच घे. पडद्यावर बोट टेकवायला गेलं की थरथरत्या हाताने दोनदा टेकतं आणि दोन पानं उलटतात. बटण कळतं.

आता खरेदीचं. ते प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. यंत्र आल्यावर नवव्या दिवशी पडद्याच्या खालच्या भागात आडवा पट्टा उमटला आणि त्यातल्या तीन ओळी दिसेनाशा झाल्या. विकणाऱ्याची परतीची मुदत सात दिवसांची. उरली वर्षाची वॉरंटी. मी फोन केला तर पहिला प्रश्न, खातं कुणाच्या नावावर? खातं तुझं, बिल तुझ्या नावाचं, ओटीपी तुझ्या मोबाइलवर. तू मीटिंगमध्ये. तू मोकळी झालीस की त्यांची वेळ संपलेली. मी अनुक्रमांक सांगितला, पट्ट्याचा फोटो पाठवला, पुन्हा पाठवला, दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगितलं. अठरा दिवसांनी बदलून मिळालं. तुला मी ‘झालं ग काम’ एवढंच म्हटलं, कारण तू आधीच दमलेली होतीस. पण ते अठरा दिवस मला फार जड गेले. सुटलेलं वाचन नुकतं हाती लागलं होतं, आणि चूक माझी नसताना मीच गयावया करत होते. वस्तू जिच्या हातात आहे, तिचं बोलणं कुणी ऐकून घेत नव्हतं. ग्राहक म्हणजे कोण, जो पैसे भरतो तो की जो वापरतो तो? मला वाटतं, भेट म्हणून वस्तू विकणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

म्हणून पेटी उघडाल त्याच दिवशी ते पूर्ण चार्ज करून पन्नासेक पानं उलटून बघा, दिवा कमी-जास्त करा, वायफाय तोडून जोडा. काही असेल तर मुदतीत कळेल. खोका टाकू नका. आणि कव्हर त्याच दिवशी घ्या. तुझ्या मावशीचं यंत्र ठाणे स्टेशनवरच्या गर्दीत पिशवीतल्या पिशवीत दाबलं गेलं, वरून ओरखडा नाही, पण आत पडदा फुटला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जात होता. तिने दुसरं घेतलंच नाही.

विहीणबाई फक्त मराठी वाचतात, तेव्हा हा भाग नीट वाच. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तकं रीतसर मिळायला लागली ती २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमबरोबर. तेव्हापासून भर पडत गेली आहे, पण त्यांना हवं ते पुस्तक तिथे असेलच असं धरून चालू नकोस. आधी त्यांच्याकडून दहा नावं लिहून घे आणि ती मिळतात का बघ, मग यंत्र घे. मी हे उलट्या क्रमाने केलं. माझ्या दहांतली चार मिळाली. बाकीची अजून संग्रहालयातूनच आणते, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर उघडून वाचते.

दुसरं, ई-पुस्तक म्हणून जे मिळतं ते सगळं एका जातीचं नसतं. एकात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुसरं पीडीएफ, म्हणजे छापील पानाचं चित्रच. ते सहा इंचात आलं की मुंगीएवढं दिसतं, मोठं केलं की पान डावी-उजवीकडे ओढत बसावं लागतं. आपल्या ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी मराठी पुस्तकं विनामूल्य देतं, पण मला त्यांची पीडीएफच मिळाली. ती मी तू दिलेल्या जुन्या टॅबवर वाचते. जुन्या लेखकांचंही तसंच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणून १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पण कुणी नीट टंकून ठेवलेलं असेल तर यंत्रावर सुखाने वाचता येतं. नुसतं स्कॅन असेल तर नाही.

आणि अक्षरं. मी तीस वर्षं पहिलीच्या मुलांचा हात धरून ल गिरवून घेतला. पाकळीचा ल, देठाचा श. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं सांगितली आहेत. यंत्र उघडलं तर पानभर हिंदी वळणाचा, दांड्याचा ल आणि शेंडीचा श. वाचता येतं, अडत काहीच नाही. तरी पहिले कित्येक दिवस आपल्या घरात कुणी परकं बोलतंय असं वाटत राहिलं. दिवाळीत येऊन तू मराठी वळणाचा टाइप त्यात घालून दिलास, तेव्हा पहिल्या पानावरचा ‘लेक’ हा शब्द मी तुला दाखवला होता, आठवतं? विहीणबाईंच्या यंत्रात तो टाइप पहिल्याच दिवशी घाल. त्यांनी मागेपर्यंत थांबू नकोस, कारण असं काही बदलता येतं हे त्यांना माहीतच नसेल. विकत घ्यायच्या आधी पुस्तकाची नमुन्याची पानंही उघडून बघ. काहींत जोडाक्षरं तुटलेली असतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. अशी पुस्तकं विकायला ठेवणं मला पटत नाही.

माझ्या यंत्राचा मेनू इंग्रजीत आहे. मी एका वहीत चित्रं काढून सगळं मराठीत लिहून ठेवलंय: कुठे टेकवलं की अक्षर मोठं होतं, कुठे टेकवलं की घरी परत येता येतं, चुकून पुस्तक विकत घेतलं गेलं तर लगेच काय करायचं. ती वही कुरियरने पाठवते. त्यांचं यंत्र वेगळं निघालं तरी अंदाज येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यांचं खातं त्यांच्या नावाने काढ, त्यांच्या ईमेलने, त्यांच्या मोबाइल नंबरने. तुझ्या खात्यात जोडू नकोस. वॉरंटीचं कारण वर लिहिलंच. दुसरं कारण लिहायला मला तीन वर्षं लागली.

तुझ्यामाझ्या यंत्रात एकच खातं असल्यामुळे तुझी पुस्तकं मला दिसतात, माझी तुला. आपण दोघी एकच पुस्तक वाचत असलो की मी ते उघडल्यावर एक पाटी येते: दुसऱ्या यंत्रावर याच्या पुढचं पान वाचलेलं आहे, तिथे जायचं का? आणि खाली तारीख आणि वेळ. सुरुवातीला मी नकळत ‘हो’ दाबायचे आणि शंभर पानं पुढे जायचे. मग ‘नाही’ दाबायला शिकले. पण वेळ वाचायला लागले.

गेल्या वर्षी श्रावणात सलग अकरा रात्री ती वेळ दोन ते चारच्या मधली होती. सकाळी फोन केला की तू म्हणायचीस, ‘छान झोप झाली ग.’ मी विचारलं नाही. बाबांना म्हटलं, लिंबाचं लोणचं मुरलंय, सोनूला नेऊन देऊ. आम्ही बंगळूरला आलो ते लोणच्यासाठी नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तू आपणहून नोकरीचं सगळं सांगितलंस आणि रडलीस, तेव्हा मला आधीपासून अंदाज होता हे मी बोलले नाही. आज सांगते. तुझ्या पाठीमागे असं बघणं बरं की वाईट, याचा मी पुष्कळ विचार केला. आई म्हणून मला ते हवंसं वाटतं. पण तू बत्तीस वर्षांची बाई आहेस, तुझी रात्र तुझी आहे.

विहीणबाईंना तुझी रात्र दिसू नये आणि त्यांची तुला. सासरे गेल्यापासून त्याही जाग्या असतील. ते त्यांनी सांगितलं तर सांगू दे.

आपल्या दोघींचं काय करायचं ते तू ठरव. पानं जुळवणं बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, तू बंद केलीस तर मी कारण विचारणार नाही.

नाशिकला यंत्र घेऊन जाशील तेव्हा निदान दोन रात्री राहा. पहिली दहा पानं त्यांच्या शेजारी बसून वाच.

जावईबापूंना आशीर्वाद. काल रात्री मी ३८ टक्क्यांवर थांबले. पाटी आली होती, तू ६१ वर आहेस, सव्वा एकला.

तुझी
आई