पाणबुडीने वर येताना घाई नको

महोदय,

21 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्याच्या वायव्येस सुमारे 70 सागरी मैलांवर नौदलाची पाणबुडी आणि ‘मार्थोमा’ ही मासेमारी नौका यांची टक्कर झाली. नौकेवरील 13 खलाशांपैकी 11 वाचले, दोघे गेले. दोष कोणाचा, हे चौकशीने ठरावे. मात्र प्रत्येक नौकेवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे नौकेची जागा रेडिओवरून कळवणारे यंत्र, बसवला की असे अपघात थांबतील, असे जे आमच्या बंदरावर बोलले जाते, ते मला पटत नाही.

ट्रान्सपॉन्डर हवाच, पण रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात फार खोल जात नाहीत, त्यामुळे अँटेना पाण्याबाहेर येईपर्यंत पाणबुडीला त्याचा उपयोग नाही. तोवर तिचा भरवसा सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या कानावर. आणि रात्री जाळे ओढून झाले की आमचे ट्रॉलर इंजिन बंद करून लाटांवर डुलत असतात, खलाशी बल्बच्या उजेडात म्हाकूल आणि बांगडा वेगळा करत बसलेले असतात. पंखाच फिरत नसेल तर खाली ऐकू काय जाणार?

उरतो पेरिस्कोप, आणि तिथे घाई झाली की काय होते ते 9 फेब्रुवारी 2001 रोजी हवाईजवळ दिसले. अमेरिकेच्या ‘ग्रीनव्हिल’ पाणबुडीने नागरी पाहुण्यांना वेगाने वर येण्याचे प्रात्यक्षिक दाखवताना पेरिस्कोपची पाहणी आटोपती घेतली आणि ती थेट ‘एहिमे मारू’ या जपानी मत्स्य विद्यालयाच्या प्रशिक्षण नौकेखाली आली. सोनारवर ही नौका आधी आढळली होती, तरीही नऊ जण दगावले. त्यांपैकी चार शाळकरी मुले होती. 2021 मध्ये जपानच्याच ‘सोर्यू’ पाणबुडीने वर येताना एका अवाढव्य मालवाहू जहाजाला धडक दिली. एवढे जहाज लक्षातून निसटते, तर आमच्या लाकडी नौकेची काय कथा!

पाणबुडी कुठे आहे हे जाहीर करता येत नाही, हे आम्हालाही समजते. पण शांततेच्या काळातील सरावात पेरिस्कोपच्या पाहणीची वेळ कोणत्याही कारणाने कमी होऊ नये आणि सराव क्षेत्रांच्या सूचना मच्छीमार सोसायट्यांना मराठी व कोकणीत आधी मिळाव्यात. आमच्या तांडेलांनीही (नौकेच्या प्रमुखांनीही) थांबलेल्या नौकेवर डोलकाठीचे दिवे चालू ठेवून एक माणूस जागा ठेवलाच पाहिजे. ‘मार्थोमा’च्या चौकशीतील गोपनीय भाग वगळून सुरक्षेचे निष्कर्ष तरी नौदलाने आम्हाला सांगावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मालवण