ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, तुमचे जाहीर आभार

आदरणीय सिस्टर,

कापूस वेचणी आटोपली की आपल्या भागात मोतीबिंदूचे पेशंट वाढतात. 'पिकू द्या, मग काढू' म्हणत थांबलेले. मोतीबिंदू तपकिरी आणि टणक झालेला. अशा डोळ्यात कॉर्नियाला, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला, सर्वांत जास्त धोका. तो वाचतो तेव्हा श्रेय सर्जनला मिळतं. त्यातलं बरंचसं तुमचं आहे.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. उतारवयात दर चौरस मिलिमीटरला साधारण २००० ते २५०० पेशी. मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही. संख्या ५००च्या आसपास आली की कॉर्नियात पाणी साचतं, तो पांढुरका पडतो.

बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत मोतीबिंदूचा टणक गाभा अख्खा ६-७ मिलिमीटरच्या बोगद्यातून बाहेर येतो. तो या थराला घासू नये म्हणून गाभ्याच्या वर आणि खाली व्हिस्को (आतल्या पेशींना जपणारा घट्ट, जेलसारखा द्रव) भरावं लागतं. आपल्याकडचं दोन टक्क्यांचं एचपीएमसी हे व्हिस्को पटकन वाहून जातं, म्हणून दुसरी सिरिंज तुम्ही न मागता हातात देता. केराटोम (छेद घ्यायचं पातं) बोथट वाटला की बाजूला काढता. बोथट पातं कॉर्नियाचा आतला पातळ डेसिमेट पडदा सोलतं.

पण आमच्या मते तुमचं सर्वांत मोलाचं काम केस संपल्यावर सुरू होतं. मोतीबिंदूचे उरलेले अंश धुऊन ओढून घ्यायची सिम्को कॅन्युला बारीक नळीची असते. आत व्हिस्को वाळलं किंवा साबणाचा अंश राहिला, तर तो पुढच्या पेशंटच्या डोळ्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी कॉर्निया काठापासून काठापर्यंत धुरकट दिसतो. ऑटोक्लेव्हने, म्हणजे दाबाखालच्या वाफेने, जंतू मरतात, हा अंश जात नाही. म्हणून तुम्ही कॅन्युला वाळायच्या आत फ्लश करता आणि शेवटचं पाणी निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरचंच वापरता. पेशंटची रांग कितीही लांब असो, हे टाळत नाही.

डोळा धुवायच्या रिंगर लॅक्टेट द्रावणाची बाटली उजेडात धरून पाहणं, बॅच नंबर लिहिणं, भिंगाचं आवरण रंगवायच्या ट्रायपॅन ब्लूचं लेबल मोठ्यानं वाचणं (मिथिलीन ब्लू चुकून गेलं तर कॉर्नियाच्या आतल्या पेशींचा थर जळतो), कॉर्नियावर थेंब सोडत राहणं, आणि शेवटी 'सर, व्हिस्को पूर्ण धुतलं का?' हे विचारणं. आत राहिलेल्या व्हिस्कोनं डोळ्याचा दाब चढतो. म्हणून तुम्ही विचारत राहा, आम्ही घाईत असलो तरी.

मनापासून आभार.

आपले,
तालुक्यातले नेत्रशल्यचिकित्सक