कठडा खाली केल्याबद्दल

रात्रपाळीच्या सिस्टर, सप्रेम नमस्कार.

समोरच्या पलंगावरचे आजोबा पहाटे बाथरूमला जाताना पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मी धसकाच घेतला होता. बाबांच्या पलंगाचे सगळे कठडे मी वर करून ठेवले. तुम्ही आलात आणि पायाकडचा एक खाली केलात. खरं सांगते, रागच आला. तुम्ही म्हणालात, "यांना जायचंच असलं तर हे कठड्यावरून चढतील. मग पडतील ते आणखी उंचावरून."

नंतर तो मोर्स स्केलचा, म्हणजे पेशंट पडण्याचा धोका गुणांत मोजायचा, कागद काढलात. सलाइन चालू, 20. दुखणी एकापेक्षा जास्त, 15. एकट्यानं जाता येईल का, या प्रश्नावर बाबा ताडकन म्हणाले, "न यायला काय झालं?" स्वतःच्या ताकदीचा अंदाज चुकतोय, म्हणून तुम्ही हसून आणखी 15 लिहिलेत. 45 च्या पुढे धोका जास्त; बाबा 50. (शाळेत त्यांना इतके मार्क पडल्याचं आजी कधी बोलली नव्हती.)

आडवं असताना आणि उभं केल्यावर, असं दोनदा बीपी घेतलंत. वरचा आकडा 134 वरून 108 वर आला. म्हणजे उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची ती यामुळे, आणि बाबा आधाराला धरायचे काय, तर सलाइनचा चाकं असलेला स्टँड! लघवी होण्याची गोळी रात्रीऐवजी दुपारी देता येईल का, हेही तुम्हीच डॉक्टरांना विचारलंत.

पण आभार मानायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आम्ही सगळे त्यांना हट्टी म्हणत होतो. मीही, तेही चारचौघांत. ते लाजत होते, हे तुम्ही ओळखलंत. बेल वाजवून बाईमाणसाला "लघवीला जायचंय" म्हणणं त्यांच्यानं होत नव्हतं. मुलीला तर नाहीच नाही. म्हणून तुम्ही दर दोन तासांनी स्वतःच यायचात, "काका, मी इकडेच निघालेय, जाऊन यायचं का?" ते निमूट उठायचे. आधी पाय खाली सोडून, साठ आकडे मोजून.

घरी येऊन महिना झाला. रात्री अजूनही साठ मोजतात, तेही मोठ्यानं. आई म्हणते, सिस्टरांना कळव, मनातल्या मनात मोजलं तरी चालतं म्हणून सांगा त्यांना.

तुमची,
सात नंबरच्या काकांची मुलगी