कापलेली कडवी

नगर, १२ डिसेंबर

प्रिय विनू,

सलाम.

मागच्या नाताळात तू फोनवर म्हणालास ते वर्षभर डोक्यात घोळतंय. "आपली नाताळची गाणी म्हणजे बर्फ, घंटा आणि झोपलेलं बाळ. यात विश्वास कुठंय?" तेव्हा मी चिडलो होतो. आता अर्धं पटतं. नगरच्या डिसेंबरात बर्फाचं गाणं म्हणताना मलाही कसंनुसं होतं, तेव्हा ती गाणी तुला बहाल. पण दोन जुनी मी सोडणार नाही. त्यांच्यातलं जे खरं होतं, त्यावर कात्री आपणच चालवलीय.

परवा चर्चच्या क्वायरच्या प्रॅक्टिसला आमच्या मास्तरांनी नेहमीप्रमाणे 'जॉय टू द वर्ल्ड'चं तिसरं कडवं उडवलं. वेळ वाचवायला. वाचलं किती, तर पाऊण मिनिट. घरी येऊन मी तेच वाचत बसलो. आयझॅक वॉट्सनं १७१९ साली हे बायबलातल्या ९८व्या स्तोत्रावरून रचलं. यात गव्हाणी नाही, मरिया नाही, मेंढपाळ नाहीत, तारासुद्धा नाही! त्या स्तोत्रात नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर गातात, कारण परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय. म्हणजे हे राजाच्या येण्याचं गाणं, आणि ते येणं अजून पुरं व्हायचंय. उडवलेल्या कडव्यात वॉट्स थेट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात शिरतो. आदामापायी भूमी शापित झाली, तिच्यातून काटे-कुसळे उगवली. वॉट्स म्हणतो, जिथवर तो शाप पोचलाय तिथवर या राजाचे आशीर्वाद वाहत जातील. जिथवर, विनू! मला तुमच्या वावरातली वेडी बाभळ आठवली. ती तोडता तोडता तुझ्या वडलांचे हात कसे सोलवटायचे, आठवतं ना? तीही त्या हिशेबात आली की. आणि आपण नेमकं तेवढंच गाळून पुढच्या कडव्यावर उडी मारतो.

दुसरं, 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग'. चार्ल्स वेस्लीचं मनपरिवर्तन मे १७३८मधलं आणि हे गीत छापलं १७३९ साली, त्यामुळे नवा जन्म ही त्याला तेव्हा अगदी ताजी गोष्ट होती. मूळ सुरुवात अशी की सारं आकाश दुमदुमतंय. गाणारे देवदूत त्याच्या मित्रानं, धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डनं, १७५३ साली घातले. (लूकच्या शुभवर्तमानात ते गातात असं कुठं आहे? 'म्हणाले' एवढंच. काढून बघ.) चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सनची, १८४० साली छपाईकलेच्या उत्सवासाठी केलेली. धार्मिक शब्दांना ती मुळीच चालणार नाही असं खुद्द त्याचं मत. तो वारल्यावर, १८५५ साली, कमिंग्स नावाच्या ऑर्गनवादकानं दोन्हींची गाठ मारली. बिचारा मेंडेल्सन!

हे झालं गमतीचं. आपण ज्याला शेवटचं कडवं म्हणतो त्यात मलाखी संदेष्ट्याचा न्याय्यत्वाचा सूर्य उगवतो, पंखांच्या ठायी आरोग्य घेऊन. मग लगेच, त्यानं आपलं वैभव काढून बाजूला ठेवलं. ज्यानं स्वतःला रिक्त केलं, तो फिलिप्पैकरांस पत्रातला ख्रिस्त नाताळच्या गाण्यात उभा! पण वेस्ली तिथं थांबला नव्हता. पुढचं बहुतेक गीतपुस्तकांत सापडतच नाही. तिथं तोही उत्पत्तीच्या तिसऱ्याच अध्यायाशी येतो: स्त्रीच्या संतती, ऊठ, सर्पाचं डोकं ठेच. कुठं? आमच्या आत. बेथलेहेमात किंवा एदेन बागेत नव्हे, आमच्या आत.

इथं मी वही मिटली. थोरल्याशी मी चार वर्षं बोललो नाही, हे तुला ठाऊकच आहे. आईच्या घराच्या वाटणीवरून. त्यानं काय काय केलं ते मला तारीखवार पाठ आहे, आणि ते पाठ ठेवण्यात एक चव असते रे. ती चव कुणाची, हे वेस्लीनं बरोबर ओळखलं.

काल मास्तरांना भेटून दोन्ही कडवी परत घाला म्हटलं. ते म्हणाले, एक घालतो, कुठलं ते तू सांग. मी वॉट्सचं सांगितलं. ते सोपं पडतं. वेस्लीचं गायला माझा आवाज अजून तयार नाही.

२३ला रात्री कॅरोल सिंगिंगला निघतोय. यंदा जुन्या वस्तीकडूनही फेरी आहे, थोरल्याच्या दारावरूनच जाते. मी टेनरमध्ये, मागच्या रांगेत. तू २२पर्यंत पोच. माझ्या शेजारी कुणीतरी हवं.

तुझा,
भास्कर